एक तार, अनेक संगणक

कोयनानगरच्या दक्षिणेला सह्याद्रीत उगम पावून सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या वारणेच्या खोऱ्यात १९९८ साली ग्रामीण महाराष्ट्रातील संगणक-जोडणीचा एक महत्त्वाचा प्रयोग सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरातील सुमारे सत्तर गावे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने जोडण्याची ही योजना होती आणि गावांतील संगणक केंद्रे मुख्यतः दूरध्वनीमार्गेच वारणानगरशी संपर्क साधत असत. एका तारेवर अनेकांची गरज भागवण्याचे तंत्र समजून घेण्यास हे उदाहरण उपयुक्त ठरते.

दूरध्वनीची तार मुळात मानवी आवाजासाठी, म्हणजे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ कंपनसंख्येसाठी बेतलेली असल्याने संगणकाच्या अंकी संदेशांचे ध्वनिसंकेतांत आणि त्या संकेतांचे पुन्हा संदेशांत रूपांतर करणारे मोडेम हे उपकरण आवश्यक ठरते. त्याचा वेग फार तर सेकंदाला ५६ हजार बिट असल्यामुळे एक मेगाबाइटची फाइल उतरवण्यास अनुकूल स्थितीतही सुमारे अडीच मिनिटे लागत; शिवाय तेवढा वेळ दूरध्वनी अडकून राही आणि कॉलचे शुल्कही वाढत जाई. म्हणूनच कार्यालयात किंवा शाळेत चार-पाच संगणक असले, तरी प्रत्येकासाठी स्वतंत्र तार घेण्याऐवजी एकच जोडणी वाटून घेणे शहाणपणाचे होते.

यातील खरी अडचण पत्त्याची असते. इंटरनेटवरील प्रत्येक संदेशाला पाठवणाऱ्याचा अंकी पत्ता लागतो आणि डायल-अप सेवा एका वेळी एकच पत्ता देते. खाजगी जाळ्यांसाठी १९९६ साली ‘१९२.१६८’ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसह काही पत्तासमूह राखून ठेवण्यात आले. ते कोणीही आपल्या जाळ्यात वापरावेत, मात्र बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. त्यामुळे मोडेम जोडलेला संगणक प्रवेशद्वाराचे काम करतो: आतून आलेल्या मागणीवर तो स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतो, मागणी कोणाची होती याची नोंद ठेवतो आणि आलेले उत्तर त्या नोंदीनुसार योग्य संगणकाकडे पोचवतो. सोसायटीचा सचिव सर्वांचे खत एकाच नावाने मागवतो आणि वहीतील नोंदीप्रमाणे सभासदांना वाटून देतो, तशीच ही पत्ताबदलाची व्यवस्था आहे. लिनक्सवर ती आधीपासून उपलब्ध होती, तर १९९९ सालच्या विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीने ती घरगुती वापरकर्त्यांनाही सहज मिळवून दिली.

मांडणी करताना प्रवेशद्वार-संगणकाला मोडेमबरोबर नेटवर्क कार्ड बसवावे लागते, इतर संगणक हबद्वारे त्याच्याशी जोडावे लागतात आणि त्यांच्या बाहेरच्या मागण्या त्याच्याकडेच वळाव्यात अशी रचना करावी लागते. मागणी आल्यावरच नंबर फिरवणे आणि काही मिनिटे वापर न झाल्यास जोडणी तोडणे, हे दोन नियम घालून दिले नाहीत, तर एखाद्या संगणकाची अनावश्यक मागणीही तार तासन्‌तास व्यापून ठेवते. वाटणीमुळे वेग वाढत नाही, तो विभागला जातो. म्हणून वारंवार लागणारी पाने प्रवेशद्वारावरच साठवून ठेवणे हिताचे असते.

वारणेच्या शेतकऱ्याला मुख्यतः उसाची नोंद, तोडणी, वजन, खत आणि बिल यांचीच माहिती हवी होती आणि ती थोडक्या अक्षरांत मावणारी होती. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चने सात गावांत आठ महिने केलेल्या प्रयोगात संगणक केंद्रांचे तेच काम मोबाइलवरील लघुसंदेशांनी अधिक स्वस्तात आणि अधिक सोयीने झाले. तंत्र बदलले, तरी निकष तोच राहतो: जोडणी निवडण्यापूर्वी सभासदांना नेमकी कोणती माहिती हवी आहे, ते आधी ठरवले पाहिजे.