तलाठी-तहसीलदारांच्या कमरेला पिस्तूल? कायदा काय म्हणतो, समजून घ्या

वाळूचा ट्रॅक्टर अडवायला गेलेल्या महसूल पथकावर हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयात काळ्या फिती लागतात आणि एक मागणी हमखास येते: आम्हाला शस्त्र द्या. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच दोन तट. एक म्हणतो, द्याच. दुसरा म्हणतो, मग सातबारा मागायला कोण जाईल! चेष्टा सोडून नेमकं काय आहे ते बघू.

ही मागणी आजची नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ पानेवाडीला तेलाची भेसळ बघून थांबले. भेसळखोरांनी त्यांना भरदिवसा जिवंत जाळलं. दोन दिवसांनी राज्यभरातले सरकारी कर्मचारी काम बंद करून बाहेर पडले. जिल्ह्यातल्या एवढ्या मोठ्या साहेबाची ही गत, तर सज्जावरच्या तलाठ्याचं काय, हा प्रश्न तेव्हापासून आहे.

अनेकांना वाटतं की कायद्यातच अडचण आहे. तसं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ नुसार सरकारी नोकराने कर्तव्याचा भाग म्हणून शस्त्र बाळगलं, तर त्याला वेगळा परवाना लागत नाही. शासनाने ठरवलं, शस्त्र आणि प्रशिक्षण दिलं, की झालं. वनखात्यात बंदुका आहेतच. दुसरा रस्ता म्हणजे स्वतःच्या नावावर परवाना. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलिसांचा अहवाल, आणि परवाना पाच वर्षांचा. पण ते शस्त्र स्वतःच्या खर्चाचं.

खरी गोम पुढे आहे. पिस्तूल मिळालं, पण गोळी कधी झाडायची?

भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क सगळ्यांना आहे, तुम्हाला आणि तहसीलदारालाही. पण समोरच्याचा जीव जाईल इतकं बळ केव्हा वापरता येतं? मरण किंवा गंभीर इजा होणार अशी रास्त भीती असते तेव्हा. नुसती वाळूची चोरी आहे, ट्रॅक्टर पळून चाललाय, म्हणून गोळी घालता येत नाही. घातली तर त्या साहेबावरच खुनाचा गुन्हा लागू शकतो. याच भीतीमुळे २०१२ मध्ये ताडोब्यात वाघांच्या शिकारी गाजत असताना राज्य सरकारला जाहीर करावं लागलं, की शिकाऱ्यावर गोळी झाडणाऱ्या वनरक्षकावर गुन्हा दाखल होणार नाही. महसूलवाल्यांना असं संरक्षण द्यायचं का? आमच्या मते नाही. शिकारी जंगलात असतो, वाळूचा ट्रॅक्टर गावातून जातो. रात्री आवाज ऐकून ओट्यावर माणसं आलेली असतात. आणि स्टेअरिंगवर बहुतेक वेळा गावातलाच पोरगा असतो, रोजावरचा. मालक घरी झोपलेला असतो.

शिवाय पिस्तुलाने डंपर थांबत नाही. मार्च २०१२ मध्ये मध्य प्रदेशात मुरैना जिल्ह्यात आयपीएस अधिकारी नरेंद्र कुमार यांना दगडाच्या ट्रॅक्टरने चिरडलं. जुलै २०२२ मध्ये हरियाणात नूहला डीएसपी सुरेंद्र सिंह यांच्यावर डंपर घातला. दोघेही पोलीस खात्याचेच अधिकारी होते.

अजून एक साधी गोष्ट. पोलीस ठाण्यात शस्त्र ठेवायला बंदोबस्ताची खोली असते, पहारा असतो. तलाठ्याच्या (आता कागदावर ग्राम महसूल अधिकारी) ऑफिसला कधी कधी धड कुलूप नसतं. तिथून पिस्तूल गेलं तर ते कोणाच्या हातात जाईल, हे सांगायला नको.

मग काय करायचं? तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात. बेकायदा जमाव पांगवायचा आदेश ते देऊ शकतात आणि त्यासाठी पोलिसांचं बळ घेऊ शकतात. म्हणजे बंदूकवाला माणूस सोबत नेण्याची सोय कायद्यात आहेच. अडतं ते इथे, की रात्री दोन वाजता फोन येतो, ठाण्यात माणसं कमी असतात आणि तलाठी एका कोतवालाला मागे बसवून मोटारसायकलवर नदीकडे निघतो.

हल्ला करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं. सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी त्याच्यावर हात टाकला तर कलम १३२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. इजा केली तर कलम १२१ खाली पाच वर्षांपर्यंत, गंभीर इजा असेल तर दहापर्यंत. वाळू तस्करांना एमपीडीए कायद्याखाली स्थानबद्धही करता येतं.

रात्री नदीवर असा राडा दिसला तर मोबाईल घेऊन व्हिडिओ काढायला पुढे जाऊ नका. लांबूनच ११२ ला फोन लावा आणि जागा नीट सांगा.