सहा दिवसांचा वापसा

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडला, तरी रिसोड-मालेगावकडचा शेतकरी लगेच पेरायला धावत नाही. तो शेतात जातो, मूठभर काळी माती घेऊन तिचा लाडू वळतो आणि खाली सोडतो. लाडू पडून फुटला, तर वापसा आला. चिखल असेल तर बी कुजतं, माती सुकली तर ते रुजत नाही. मधले काही दिवस तेवढे पेरणीचे, आणि सोयाबीनचा सगळा हंगाम त्यांच्यावर उभा.

तुम्हा दोघांना लेकराची ओढ लागली असेल आणि प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात कुणी ना कुणी "काय, काही विशेष?" असं विचारत असेल, तर आधी एवढंच ऐका. स्त्रीच्या शरीरातही दर महिन्याला असा एक वापसा येतो. तो सहा दिवसांचा असतो.

सहाच का? स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडलं की जेमतेम बारा ते चोवीस तास टिकतं. म्हणजे खरं तर संधी एका दिवसाची. उरलेले पाच दिवस येतात ते शुक्राणूंच्या चिकाटीतून, कारण ते स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. पण कुठे? महिन्यातले बहुतेक दिवस गर्भाशयाच्या तोंडाशी घट्ट, चिकट स्राव बुचासारखा बसलेला असतो. बीज बाहेर पडायच्या आधी काही दिवस तोच स्राव पातळ होतो. कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा पारदर्शक, बोटांत ताणला तर तार धरणारा. त्याचा थेंब काचेवर सुकवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर तिथे चक्क नेच्याच्या पानांची नक्षी उमटलेली दिसते! या मऊ आसऱ्यात शुक्राणू थांबतात, पुढे सरकतात, बीजाची वाट पाहतात.

म्हणून वापसा बीज येण्याआधी असतो, नंतर नाही. आधीचे पाच दिवस आणि तो एक दिवस. बीज बाहेर पडल्यावर प्रयत्न सुरू करणाऱ्या जोडप्याला त्या महिन्यापुरता बहुतेक उशीर झालेला असतो.

मग तो दिवस ओळखायचा कसा? "पाळीच्या चौदाव्या दिवशी" असं सर्रास सांगितलं जातं आणि कितीतरी जोडपी त्यावर महिने घालवतात. जपानच्या डॉ. क्युसाकू ओगिनो यांनी 1924 मध्ये या कोड्याची मेख दाखवली: मोजायचं ते उलटं! बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बराचसा ठरलेला असतो, साधारण चौदा दिवसांचा. मागेपुढे होतो तो त्याआधीचा काळ. म्हणजे 28 दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटेल. 35 दिवसांनी येणारीचं मात्र एकविसाव्या, आणि 24 दिवसांनी येणारीचं दहाव्याच! भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर चार-सहा महिन्यांच्या तारखा टिपून ठेवा, स्रावाकडे लक्ष द्या. आणि खरं सांगायचं तर पाळी नियमित असेल, तेव्हा या काळात दिवसाआड जवळ आलात तरी पुरतं. घड्याळ लावून बसायची गरज नाही.

आता त्या बीजाचं वय ऐका. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते, तेव्हा तिच्या इवल्या अंडाशयात साठ-सत्तर लाख बीजं तयार असतात. जन्मापर्यंत दहा-वीस लाख उरतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख. आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात ती फक्त चारशेच्या आसपास. याचा अर्थ लक्षात आला का? मंगरुळपीरच्या एखाद्या शेतात तुमची आजी निंदण करत होती, तिच्या पोटात तुमची आई होती, आणि त्या न जन्मलेल्या आईच्या पोटात तुमचा अर्धा भाग आधीच तयार होता! नवी बीजं पुढे बनत नाहीत. म्हणून पस्तिशीनंतर वाट बघण्यात वेळ घालवू नये असं डॉक्टर सांगतात.

पुरुषाकडे नेमकं उलट. तिथे सेकंदाला हजाराहून अधिक शुक्राणू बनत असतात, पण एकेकाला घडून-पिकून तयार व्हायला जवळपास तीन महिने लागतात. आणि हा कारखाना उन्हाळ्यातल्या माठासारखा गारवा मागतो, शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी. म्हणून तर वृषण शरीराबाहेर लटकतात. तिथे जाणाऱ्या गरम रक्ताच्या नळीभोवती परत येणाऱ्या गार रक्ताच्या शिरांचं जाळं असतं. आत जाणारं रक्त वाटेतच निवतं. एखादा जोराचा ताप येऊन गेला तरी त्याचा परिणाम पुढचे दोन-तीन महिने दिसू शकतो. आणि आपल्याकडचा खर्रा? तंबाखू शुक्राणूंची संख्याही घटवते आणि चालही. गुढीपाडव्याला सोडलेल्या खर्ऱ्याचं फळ आषाढात मिळतं, त्यामुळे सोडायचा तर आजच सोडा.

एका वेळी निघतात कोट्यवधी शुक्राणू. गर्भनलिकेत बीजाच्या आसपास पोचतात फार तर काही शे. गंमत अशी की निघताना त्यातल्या एकाकडेही बीजात शिरायची ताकद नसते. ती स्त्रीच्या शरीरात काही तास घालवल्यावर येते, हे कळलं 1951 मध्ये. गर्भाशयाची हालचाल त्यांना वर न्यायला मदत करते, बीजाभोवतालची रसायनं त्यांना खुणावतात. एक आत शिरला की बीज आपलं कवच कडक करून इतरांना दार बंद करतं. उंदराच्या बीजात शास्त्रज्ञांनी पाहिलं आहे की त्या क्षणी जस्ताचे अब्जावधी अणू बाहेर फेकले जातात, खास रंगद्रव्य वापरलं तर ठिणगीसारखे चमकतात!

इथे मात्र शेताची उपमा मी सोडून देतो. वापसा वेळेपुरता खरा. पण बाई म्हणजे जमीन आणि पुरुष म्हणजे बी, ही जुनी समजूत साफ चुकीची आहे. 1827 मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांना कुत्रीच्या अंडाशयात बीज दिसलं आणि सस्तन प्राण्यांतली मादीही बी देते हे उघड झालं. तेही केवढं! मिलिमीटरचा दहावा भाग, नुसत्या डोळ्यांना धुळीच्या कणाएवढं दिसू शकेल असं, शुक्राणूपेक्षा आकारमानाने हजारो पटींनी मोठं. मुलगा की मुलगी, हे तर पुरुषाच्याच पेशीवर ठरतं. तरी "वांझ" हा शब्द आपण फक्त बाईसाठी राखून ठेवला. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत कारणाचा काही ना काही वाटा पुरुषाकडे असतो.

आणखी एक घाई बाळाला असते. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत मिटलेली असते. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, अनेकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो! त्या नळीला लागणारं फोलिक ॲसिड, रोज 400 मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून सुरू असायला हवं. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. त्याच फेरीत हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड बघून घ्या. विदर्भात राहता, तर दोघांची सिकलसेलची तपासणीही करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

सगळं जुळूनही दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता पाचात एक, फार तर चारात एक. दोन-तीन महिन्यांत पाळी आली म्हणून रडू नका. वर्षभरात शंभरातल्या ऐंशीहून अधिक जोडप्यांकडे गोड बातमी येते. वर्ष उलटलं, किंवा बाई पस्तिशीपुढची असून सहा महिने गेले, तर डॉक्टरांकडे जा. पाळी फार अनियमित असेल किंवा पूर्वी टीबी झाला असेल, तर तेवढंही थांबू नका. गर्भनलिका बंद असल्या तरी वाट संपत नाही. 6 ऑगस्ट 1986 ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून प्रयोगशाळेत फळलेल्या बीजापासून मुलगी जन्मली, त्याला आता चाळीस वर्षं होत आली.

पण जाल तेव्हा दोघं जा. वीर्यतपासणी ही सगळ्यांत साधी, स्वस्त आणि न दुखणारी तपासणी आहे. बायकोच्या पोटाला कुठलीही दुर्बीण लावण्याआधी नवऱ्याने ती करून घ्यावी.