सांध्याच्या शेजारची जागा

फोर्डने १९३२ साली स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन बसवलं आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांना एक खेळ सापडला. जुनी गाडी घ्यायची, मडगार्डं उतरवायची, छत कापून खाली आणायचं, दुसऱ्याच गाडीचं दांडगं इंजिन आत बसवायचं आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर ती पळवायची. हीच हॉट रॉड. मात्र हे उपरं इंजिन ज्या बैठकीवर उभं राहतं, ती दुकानात तयार मिळत नाही. पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंग करून घडवावी लागते. आपल्याकडे दातिवरे गावात हॉट रॉड कोणी मागणार नाही, पण तिची बहीण शोभेल अशी वस्तू वैतरणेच्या मुखाशी पाण्यावर डुलत असते. मच्छीमारांची लाकडी बोट हातांनी बांधलेली, म्हणून एकीचं पोट दुसरीसारखं नसतं. इंजिन मात्र कारखान्यातून ठरलेल्या मापात येतं. दोघांचं जुळवायचं तर बैठक, शाफ्टचा आधार, सुकाणूचं पातं, सारं त्या एका बोटीपुरतं बनवून घ्यावं लागतं. अशा कामाला आपण सर्रास जुगाड म्हणतो, आणि तिथेच आपली गल्लत होते. आज चालतंय ना, एवढ्यावर जुगाड थांबतो. चांगला फॅब्रिकेटर आर्क पेटवण्याआधीच हा तुकडा कुठे तुटेल याचा विचार करतो.

तर तुटतं कुठे? नवख्याला वाटतं, जोडावर. नीट भरलेला जोड सहसा मूळ धातूइतकाच भक्कम असतो; दगा देते ती त्याच्या शेजारची पट्टी, जी वितळली नाही पण भाजून निघाली. पोलाद साधारण १५०० अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे जोडालगतच्या धातूची घडण बदलते, आणि निवताना आकसणारा जोड सारा जॉब आपल्याकडे ओढतो. म्हणूनच आधी टाके मारून ठेवायचे, मग थोडं इकडे, थोडं तिकडे भरत जायचं. ३०४ जातीच्या स्टेनलेसमध्ये हा शेजार आणखी फसवा. सुमारे ४२५ ते ८१५ अंशांच्या दरम्यान तो फार वेळ राहिला, तर त्यातलं क्रोमियम कार्बनशी संधान बांधतं आणि गंजापासून राखणारं कवच कणांच्या सीमांवर दुबळं पडतं. दिसायला जोड चकचकीतच. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या, त्या उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या. याच प्रकारच्या भट्ट्यांच्या ३०४ नळ्यांना १९७०च्या दशकात जगभर जोडालगत तडे सापडले. उपाय ठाऊक झाले: कमी कार्बनचं ३०४-एल वापरा, उष्णता मोजून द्या. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या टाक्यांवर आर्गॉन वेल्डिंग करणाऱ्याला हे पाळावंच लागतं, आणि किनाऱ्यावरच्या कामालाही हाच नियम लागू पडतो.

समुद्र त्यात आपली भर घालतो. खाऱ्या पाण्यापुढे ३०४ लवकर हार मानतं. मॉलिब्डेनमवालं ३१६ जास्त टिकतं, पण महाग. पितळी पंखा आणि पोलादी शाफ्ट खाऱ्या पाण्यात शेजारी आले की त्यांची बॅटरी होऊन पोलाद झिजतं, म्हणून जस्ताची वडी बळी द्यायला लावतात. वेल्डिंगच्या लो-हायड्रोजन रॉडने पावसाळी दमट हवा शोषली, तर त्या ओलीतला हायड्रोजन जोडात शिरून पुढे तडा पाडू शकतो. रॉड भट्टीत शेकून घेणाऱ्याला वेळकाढू म्हणणारं गिऱ्हाईक स्वतःचंच नुकसान करतं.

अशा एकट्या, घडवून घेतलेल्या कामावर पहिला आक्षेप कायद्याचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेपासून गाडी बदलू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे अधोरेखित केलं; इंधनबदल किंवा दिव्यांगांसाठीचे फेरफार यांना परवानगीची वाट आहे. ही सक्ती मला योग्य वाटते. स्टीअरिंगचा हात किंवा अॅक्सल तुटला तर मरणारा रस्त्यावरचा भलताच माणूस असतो, आणि बाहेरून पाहून जोडाची आतली गोष्ट कोणालाच कळत नाही. पण बंदी रस्त्यावरच्या गाडीला आहे, कसबाला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: कारखान्याचा भाग हजारदा तपासलेला, इथला एकच, त्याची परीक्षा कोण घेणार? हे खरंच आहे, म्हणूनच एकट्या तुकड्यात जास्तीचा जाडपणा ठेवतात आणि चासीला ठिगळ लावताना ते चौकोनी न ठेवता पतंगाच्या आकाराचं कापतात, म्हणजे एकाच आडव्या रेषेत सारा ताण साचत नाही. बोटीच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. शाफ्ट उघडा पडतो, वडी किती खाल्ली गेली ते दिसतं, आधाराच्या जोडालगत गंजाची बारीक रेघ उमटली असेल तर नखालाही लागते.