साधनांचा संस्कार

चार विद्यार्थी एकच धडा चार निरनिराळ्या साधनांनीं शिकले, तर चौघांच्या पदरीं सारखेंच ज्ञान पडेल काय? धडा एक, तेव्हां ज्ञानही एकच, असें आपणांपैकीं पुष्कळ जण चटकन् म्हणतील. परंतु कॅनडा देशांतील टोरांटो विश्वविद्यालयाच्या कांहीं अध्यापकांनीं या प्रश्नाची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. तिचा निकाल शिक्षकांस व पालकांस विचार करावयास लावणारा आहे.

या विचाराचें बीज तेथील अर्थशास्त्राचे अध्यापक हॅरल्ड इनिस यांनीं पेरिलें. समाज ज्या वस्तूवर लिहितो तिचा परिणाम त्याच्या राज्यव्यवस्थेवरही होतो, असें त्यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत दाखविलें. दगडावरील लेख शतकानुशतकें टिकतो, पण जागचा हालत नाहीं. कागद नाजूक खरा, पण राजाज्ञा दूर दूर पोंचवितो. इनिस १९५२ सालीं वारले. पुढील वर्षीं फोर्ड प्रतिष्ठानाच्या द्रव्यसाहाय्यानें इंग्रजी साहित्याचे अध्यापक मार्शल मॅक्लुहन व मानवशास्त्राचे अध्यापक एडमंड कार्पेंटर यांनीं एक अभ्यासमंडळ काढिलें. मानसशास्त्र, अर्थशास्त्र व नगररचना यांचे जाणकारही त्यांत होते.

या मंडळानें १९५४ च्या सुमारास विद्यार्थ्यांचे चार गट पाडिले. विषय एकच : लिपी नसलेल्या भाषांची रचना. एका गटानें व्याख्यान समोर बसून ऐकलें, दुसऱ्यानें तें रेडिओवर ऐकलें, तिसऱ्यानें टेलिव्हिजनवर पाहिलें व चवथ्यानें तोच मजकूर वाचला. वेळ प्रत्येकास अर्धा तास. फळा नाहीं, प्रश्नोत्तरें नाहींत. नंतर सर्वांस एकच प्रश्नपत्रिका दिली. निकाल पाहतात तों टेलिव्हिजनचा गट सर्वांच्या पुढें, त्यामागें रेडिओचा. व्याख्यान व वाचन हीं दोन्हीं मागें पडलीं!

फळा व खडू यांवर भिस्त ठेवणारे आम्ही. हें वाचून आमचें मन प्रथम खट्टू झालें, हें कबूल केलें पाहिजे. परंतु खरी मौज पुढेंच आहे. दुसऱ्या वेळीं प्रत्येक साधनास आपलें सर्व सामर्थ्य दाखविण्याची मोकळीक दिली. व्याख्यात्यास फळा व चर्चा मिळाली, छापील पानें आकर्षक मांडणीनें सजलीं, रेडिओ व टेलिव्हिजन यांवर विषय नाट्यरूपानें आला. या वेळींही हीं दोन साधनेंच वरचढ ठरलीं; मात्र रेडिओनें टेलिव्हिजनास मागें टाकिलें.

असें कां व्हावें? मॅक्लुहन यांचा खुलासा असा : टेलिव्हिजनचें तेव्हांचें अंधुक चित्र पाहणारास आपल्या मनानें पुरें करावें लागे. सजावटीनें सर्व कांहीं तयार पुढें आलें, तेव्हां त्यास करावयास थोडेंच उरलें. रेडिओस मात्र ती सजावट मानवली. हा खुलासा सर्वांस पटला असें नाहीं.   तथापि एवढें दिसून आलें कीं, साधन म्हणजे नुसती पाण्याची नळी नव्हे; ज्ञान ज्या वाटेनें येतें, ती वाटही त्यास आकार देते.

पुढें १९६३ सालीं त्याच विश्वविद्यालयांत मॅक्लुहन यांच्या नेतृत्वाखालीं संस्कृति व तंत्रविद्या यांच्या अभ्यासाचें केंद्र निघालें. पूर्वीं घोडागाड्या ठेवण्यासाठीं बांधलेल्या एका लहानशा इमारतींत सोमवारीं सायंकाळीं त्यांचें चर्चासत्र भरे. मॅक्लुहन १९८० सालीं निवर्तले.

आज आमचे विद्यार्थी मोबाईलवर धडे पाहतात. तें वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. पालकांस आमची विनंती इतकीच कीं, "काय पाहिलेंस?" एवढेंच विचारून थांबूं नये. यंत्र बाजूस ठेववून तोच धडा मुलास आपल्या शब्दांत सांगावयास लावावा. आणि विद्यार्थिमित्रहो, साधन कोणतेंही असो, आपल्या मनास कांहीं काम उरलें आहे कीं नाहीं, हें पाहत जा. जें मनानें स्वतः पुरें केलें, तेंच आपलें झालें.