पडद्यावरील अवजारे

कुशल सुतार काम करीत असताना त्याच्या बैठकीकडे लक्षपूर्वक पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. रंधा, पटाशी, हातोडा ही नेहमी लागणारी अवजारे त्याच्या हाताच्या टप्प्यात असतात. गिरमिटासारखे क्वचित लागणारे अवजार पेटीत असते. ज्या लाकडावर काम चालले आहे, त्याच्या भोवतालची जागा मात्र मोकळी असते. त्याची दृष्टी लाकडावर खिळलेली असते आणि हात आपोआप योग्य अवजाराकडे जातो. ही मांडणी केवळ नीटनेटकेपणासाठी नसते. तिच्यामुळे काम बिनचूक होते.

इमारतींचे, पुलांचे व यंत्रांचे नकाशे काढणाऱ्या आरेखकालाही अशीच मांडणी करावी लागते. पूर्वी त्याच्यापुढे लाकडाचा मोठा फलक असे. फलकावर कागद ताणून बसविलेला असे आणि गुण्या, कर्कटक, कोनमापक ही साधने बाजूला ठेवलेली असत. आज हे काम बहुधा संगणकावर होते. तेथे मात्र एक नवी अडचण उभी राहते. पडदा एकच, त्याच्यावरच नकाशा आणि त्याच्यावरच अवजारे. त्यामुळे अवजारांना दिलेली प्रत्येक बोटभर जागा नकाशाच्या जागेतून वजा होते.

आरंभी ही अडचण फारशी नव्हती. 1963 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत शिकणाऱ्या आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने 'स्केचपॅड' नावाची आज्ञावली तयार केली. तिच्यात प्रकाशलेखणी पडद्याला लावून रेषा काढता येत. कोणती क्रिया हवी, हे सांगण्याची बटणे मात्र पडद्याबाहेर एका पेटीवर होती. पुढे 1982 साली लहान संगणकांवर चालणारी 'ऑटोकॅड' ही आज्ञावली आली. तिला आज्ञा द्यावयाची ती शब्दांनी. कालांतराने आज्ञांची संख्या वाढत गेली, आणि शब्दांच्या जोडीला लहान लहान चित्रखुणा आल्या. 2009 या नावाच्या आवृत्तीत पडद्याच्या माथ्यावर 'रिबन' नावाची रुंद पट्टी आली. एकमेकांशी नाते असलेली अवजारे किंवा माहिती ज्या चौकटीत एकत्र मांडलेली असते, त्या चौकटीला 'पॅनेल' म्हणतात.

ही पॅनेले किती जागा घेतात, याचा एक साधा हिशेब करून पाहता येतो. समजा, पडदा 1920 ठिपके रुंद आणि 1080 ठिपके उंच आहे. डाव्या व उजव्या कडेला प्रत्येकी 300 ठिपके रुंदीचे पॅनेल आहे, आणि वरची पट्टी 150 ठिपके उंचीची आहे. मग नकाशासाठी 1320 ठिपके रुंद व 930 ठिपके उंच एवढीच जागा उरते. म्हणजे पडद्याचे पाच भाग केले, तर जवळजवळ दोन भाग अवजारांनी व्यापले! नकाशा लहान दिसू लागला, की आरेखकाला तो वारंवार मोठा करावा लागतो, इकडेतिकडे सरकवावा लागतो. अशा खटाटोपात लक्ष विचलित होते आणि चुकीची रेषा निवडली जाण्याचा संभव वाढतो.

तर मग सगळी अवजारे दूर लपवून ठेवावीत काय? तसेही चालत नाही. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत माणसांना हातातील लेखणी दोन पट्ट्यांवर आळीपाळीने टेकवावयास सांगितले होते. पट्ट्यांमधील अंतर वाढविले, की हाताला अधिक वेळ लागे. पट्ट्या अरुंद केल्या, तरीही अधिक वेळ लागे. माऊसने बाण सरकवून एखाद्या चित्रखुणेवर नेताना हाच नियम लागू पडतो. नेहमी लागणारी खूण जवळ आणि पुरेशी मोठी असावी, हा त्याचा बोध होय.

या दोन गरजांचा मेळ घालण्यासाठी पॅनेल ठेवण्याचे तीन प्रकार योजलेले आहेत. पहिला प्रकार कडेला बसविलेल्या पॅनेलचा. ते जागा घेते. परंतु नकाशा झाकत नाही. दुसरा तरंगत्या पॅनेलचा. ते हवे तेथे ओढून कामाच्या जवळ आणता येते. मात्र त्याच्याखालचा नकाशा झाकला जातो. तिसरा प्रकार मिटणाऱ्या पॅनेलचा. एरवी त्याची बारीक पट्टी तेवढी दिसते आणि बाण तिच्यावर नेताच ते उलगडते. ज्याचे काम सतत पडते ते कडेला, जे घटकाभर लागते ते तरंगते आणि जे दिवसातून एकदोनदा लागते ते मिटलेले, असा सामान्य संकेत आहे. सराव झालेला आरेखक तर रेषेसाठी इंग्रजी 'एल' हे एकच अक्षर दाबून 'एंटर' करतो. त्याला रेषेची खूण शोधावीच लागत नाही.

मांडणी करताना आणखी एक भेद ओळखावा लागतो. काही पॅनेले कामाची असतात, तर काही सूचनेची असतात. इमारतीच्या नकाशात भिंती, विजेच्या तारा, पाण्याचे नळ हे निरनिराळ्या थरांवर काढलेले असतात. सध्या कोणता थर चालू आहे, हे सांगणारी खूण जागा वाचविण्यासाठी लपवून ठेवली, तर आरेखक विजेच्या तारा भिंतींच्या थरावर काढून मोकळा होईल. पुढे तारांचा नकाशा वेगळा छापला, म्हणजे त्यात त्या तारा दिसणार नाहीत, आणि तो नकाशा हाती घेऊन काम करणाऱ्या कारागिराची फसगत होईल. म्हणून क्वचित हात लागणारी असली, तरी अशी खूण डोळ्यांसमोर ठेवणे अवश्य असते.

एकदा बसविलेली मांडणी वारंवार बदलणे हितावह नसते. दररोजच्या सरावाने हाताला जागा पाठ होतात. एका संगणकावर अनेक विद्यार्थी शिकत असतील, तर एकाने हलविलेले पॅनेल दुसऱ्याला सापडत नाही आणि ते नाहीसेच झाले असे वाटून तो गोंधळतो. यावर उपाय आहे. पडद्याची मांडणी नाव देऊन जतन करून ठेवता येते. तिला 'वर्कस्पेस' म्हणतात. सपाट नकाशासाठी एक, घनाकृतीसाठी दुसरी, अशा मांडण्या ठेवता येतात, आणि हवी ती नावानिशी बोलावता येते.

नवशिक्याला प्रारंभी सगळीच अवजारे पडद्यावर असावीत असे वाटते. कारण न दिसणारे अवजार त्याला आठवत नाही. ज्ञान वाढत जाते, तसतसा तो एकेक पॅनेल मिटवू लागतो आणि नकाशाची जागा वाढत जाते. काय जवळ ठेवावे, काय दूर ठेवावे आणि काय कधीही दृष्टीआड होऊ देऊ नये, हे ज्याला उमगले, त्याची अवजारे त्याच्या कामाच्या आड येत नाहीत.