इंग्रजीत खुलासा मागताना

इंग्रजीत खुलासा कसा मागायचा, हे समोर कोण आहे यावर ठरते. मित्राला ‘व्हॉट डू यू मीन?’ चालते, साहेबांना तेच उद्धट वाटू शकते. तिथे ‘कुड यू प्लीज एक्स्प्लेन दॅट अगेन?’ बरे. ‘सॉरी?’ हा शब्द चढत्या सुरात आला की ती माफी नसते, पुन्हा सांगण्याची विनंती असते.

नेमके काय कळले नाही ते सांगणे सर्वांत मोलाचे. ‘आय डिडन्ट अंडरस्टँड’ म्हटले की समोरचा सगळे पहिल्यापासून सांगत बसतो. फोनवर ‘डिड यू से फिफ्टीन ऑर फिफ्टी?’ विचारले तर एका शब्दात काम होते. संकोचाने मान डोलावण्यापेक्षा हे कितीतरी चांगले.

खुलासा देताना बोलण्यात ‘व्हॉट आय मीन इज’, पत्रात ‘टू क्लॅरिफाय’ अशी सुरुवात होते. ‘अ‍ॅज आय सेड बिफोर’ मात्र जपून वापरावे. त्यात टोमणा ऐकू येतो.

रोजच्या बोलण्यात खुलासा असा सवयीने मागितला जातो; न्यायालयात मात्र, उदाहरणार्थ मुंबईतल्या दिंडोशीच्या सत्र न्यायालयात, खुलाशाला कायद्याची चौकट आहे. उलटतपासणीत साक्षीदाराचे उत्तर संदिग्ध राहिले, तर त्याला बोलावणारा पक्ष फेरतपासणीत त्याच मुद्द्याचे स्पष्टीकरण घेतो. नवा मुद्दा काढायला न्यायालयाची परवानगी लागते आणि त्यावर विरुद्ध पक्षाला पुन्हा उलटतपासणी घेता येते. १८७२ च्या पुरावा कायद्यातली ही पद्धत १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे.