स्टँड मिक्सर आणि त्याच्या ॲटॅचमेंट : कामाच्या कोणत्या, अडगळीच्या कोणत्या

स्टँड मिक्सर म्हणजे ओट्यावर स्वतःच्या बैठकीवर उभे राहणारे, मळण्याचे आणि फेटण्याचे यंत्र. मराठी घरात नुसते ‘मिक्सर’ म्हटले की चटणी-वाटणाचा मिक्सर-ग्राइंडर समजला जातो. पण ही दोन यंत्रे स्वभावाने अगदी वेगळी आहेत. मिक्सर-ग्राइंडरचे पाते मिनिटाला 18-20 हजार फेरे घेते आणि वेगाच्या बळावर वाटते. स्टँड मिक्सरचे पाते सर्वांत वरच्या वेगालाही भांड्याभोवती मिनिटाला तीनशेपेक्षा कमी चकरा मारते. मोटारीचा वेग दातेरी चाकांनी उतरवला जातो आणि वेग घटतो तसा जोर वाढतो. कोणती ॲटॅचमेंट घेण्याजोगी आहे, याचे बरेचसे उत्तर या संथ जोरात सापडते.

यंत्राचे मूळ बेकरीत आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय येथे हॉबर्ट नावाची कंपनी होती. तिथले अभियंते हर्बर्ट जॉन्स्टन यांनी 1908 मध्ये एका बेकरला लोखंडी पळीने कणकेचा गोळा घोटताना पाहिले आणि हे काम यंत्रावर घेण्याचे ठरवले. 1914 मध्ये सुमारे 75 लिटरच्या भांड्याचे यंत्र तयार झाले. 1917 पर्यंत ते अमेरिकी नौदलाच्या जहाजांवरचे नेहमीचे साधन बनले. घरगुती आवृत्ती 1919 मध्ये ‘किचनएड’ या नावाने आली. तिचे वजन जवळपास 30 किलो होते. एगमाँट एरेन्स यांनी 1937 मध्ये आखलेले सुटसुटीत ‘मॉडेल के’ आजच्या यंत्राच्या रूपाचा पाया ठरले. ब्रिटनमध्ये केनेथ वुड यांनी 1950 मध्ये ‘केनवुड शेफ’ बाजारात आणला.

या यंत्रांत पाते स्वतःभोवती एका दिशेने फिरते आणि त्याच वेळी भांड्याच्या कडेने उलट दिशेने चक्कर मारते. ग्रह सूर्याभोवती फिरतात तशी ही चाल असते. त्यामुळे भांडे जागचे न हलताही पाते त्याच्या सर्व भागांत पोचते.

यंत्राबरोबर सहसा तीन पाती मिळतात, आणि घरातले बहुतेक काम तीच करतात. चपटे पाते केकचे मिश्रण, उकडलेले बटाटे किंवा नानकटाईसाठी तूप-साखर फेसण्याला लागते. श्रीखंडासाठी चक्का आणि साखर एकजीव करायलाही तेच बरे. तारांचे विस्क हवा भरण्यासाठी असते : अंड्याचा पांढरा भाग किंवा मलई. घट्ट पिठात ते घातले तर तारा वाकतात. तिसरा कणीक मळायचा हुक. तो कमी वेगावरच चालवायचा असतो. घट्ट गोळा वेगात फिरवला की मोटार तापते आणि यंत्र ओट्यावर सरकू लागते. दोन-चार पोळ्यांपुरती कणीक असेल तर ती हुकाला चिकटून नुसती गोल फिरते, मळली जात नाही. हुकाची खरी उपयुक्तता पाव, ब्रिओश, पिझ्झा किंवा मोठ्या पंगतीच्या पोळ्यांसाठी दिसते.

जास्तीची ॲटॅचमेंट घेण्याआधी पात्याची उंची तपासावी. रिकाम्या भांड्यात एक छोटे नाणे टाकून चपटे पाते सावकाश फिरवले, तर प्रत्येक चकरेला नाणे थोडेसे सरकले पाहिजे. अजिबात हलले नाही तर पाते उंच आहे आणि तळाला पीठ कोरडे राहणार. सतत ढकलले जात असेल तर पाते तळाला घासते आहे. उंची एका स्क्रूने जुळवता येते. त्यानंतर घेण्यासारखी पहिली वस्तू म्हणजे एका कडेला रबरी पट्टी असलेले चपटे पाते. ते भांड्याच्या कडा निपटत फिरते, त्यामुळे यंत्र थांबवून उलथन्याने खरवडण्याचे काम कमी होते. दुसरे भांडे असले तर एकात केकचे मिश्रण ठेवून दुसऱ्यात अंडी फेटता येतात.

बाकीच्या बऱ्याच ॲटॅचमेंट यंत्राच्या तोंडाशी असलेल्या हबमध्ये बसतात. किचनएडचा हब हा एकच आणि संथ असतो. केनवुड शेफला संथ कामासाठी पुढे आणि ब्लेंडरसारख्या वेगवान कामासाठी वरच्या बाजूला, अशी वेगवेगळी तोंडे असतात. म्हणून एका यंत्रावर शोभणारी वस्तू दुसऱ्यावर तशीच शोभेल असे नाही.

संथ हबवर सर्वांत चांगली चालते ती पास्ता लाटण्याच्या रुळांची जोडी. हाताने फिरवायच्या यंत्रात एक हात दांड्याला, एक पीठ सोडायला आणि एक पट्टी झेलायला असे तीन हात लागतात. मोटार दांड्याचा हात वाचवते आणि पट्टी एकसारखी जाड निघते. मात्र हे रूळ पाण्याने धुवायचे नसतात. पीठ वाळू द्यायचे आणि ब्रशने झाडायचे. महिन्यातून एकदाही पास्ता किंवा नूडल्स होत नसतील, तर ही महाग वस्तू कपाटातच राहते.

दुसरे उपयोगी साधन म्हणजे खिमा करण्याचे यंत्र. आतला मळसूत्री दांडा मांस पुढे ढकलतो, चार पाकळ्यांची सुरी ते कापते आणि छिद्रांच्या चकतीतून खिमा बाहेर येतो. सुरीची धारदार बाजू चकतीकडे हवी. ती उलटी बसली की मांस कापले न जाता चेचले जाते. मांस अर्धवट गोठलेले आणि सुरी-चकती थंड असली तर चरबी वितळून चिकटत नाही. शेवटी पावाचा तुकडा आत घातला की अडकलेले मांस बाहेर पडते. प्लास्टिकपेक्षा धातूचे साधन थंड राहते आणि टिकते.

याच यंत्राला जोडायची फळे-भाज्या गाळण्याची चाळणी टोमॅटोच्या साली आणि बिया वेगळ्या करते. शिजलेला जिन्नस छिद्रांतून दाबून काढण्याचे तिचे तत्त्व पुरणयंत्राचेच आहे. ज्या घरात पुरणयंत्र आहे तिथे केवळ पुरणासाठी ती घेण्याचे कारण नाही.

किसण्या-कापण्याचे साधन मधल्या रांगेतले. गाजरहलव्यासाठी दोन-तीन किलो गाजरे किसायची असतील तर ते हाताचा त्रास वाचवते. एका काकडीच्या कोशिंबिरीला किसणीच लवकर आटोपते. फूड प्रोसेसर असेल तर या साधनाची गरज उरत नाही.

दळण्याच्या ॲटॅचमेंटबाबत अपेक्षा बेताची ठेवावी. तिच्यातल्या धातूच्या चकत्या गहू-ज्वारी भरडतात, पण गिरणीच्या बारीक पिठाची सर येत नाही. मोटारीला विश्रांती देत थोडे थोडे दळावे लागते आणि शेंगदाण्यांसारखा तेलकट जिन्नस चालत नाही. रवा, भरड, ताज्या पिठाचा पाव यांसाठी ती ठीक. रोजच्या पोळीच्या पिठासाठी नाही. आइस्क्रीमचे भांडे हबला लागत नाही. ते मुख्य भांड्याच्या जागी बसते. त्याच्या दुहेरी भिंतीतले द्रव गोठवायला फ्रीझरमध्ये सुमारे 15 तास लागतात. तितकी जागा आणि तितकी थंडी नसेल तर मिश्रण पातळच राहते. चटणी, वाटण आणि कोरडा मसाला ही वेगाची कामे आहेत. संथ हबकडून ती करून घेण्यापेक्षा मिक्सर-ग्राइंडर स्वस्त आणि सरस पडतो. एके काळी या हबसाठी वाटाणे सोलण्याची, डबे उघडण्याची आणि चांदीची भांडी चकाकवण्याची साधनेही निघाली होती. त्यांतली बहुतेक मागे पडली, कारण तेवढ्या कामासाठी यंत्र जोडणे, धुणे आणि पुन्हा ठेवणे कुणालाच परवडत नव्हते.

खरेदी करताना तीन गोष्टी पाहाव्यात. किचनएडच्या हबचे माप अनेक दशके तेच राहिल्याने जुन्या यंत्रावरही नवी ॲटॅचमेंट बसते. पाती आणि भांडी मात्र मॉडेलनुसार बदलतात, म्हणून ती क्रमांक जुळवूनच घ्यावी लागतात. दुसरी गोष्ट धातूची. लेप नसलेल्या ॲल्युमिनियमचे पाते भांडी धुण्याच्या यंत्रात काळे पडते. स्टेनलेस स्टीलचे किंवा लेप दिलेले तसे पडत नाही. तिसरी विजेची. अमेरिकेतून आणलेले 120 व्होल्टचे यंत्र भारतातल्या 230 व्होल्टवर थेट लावले तर मोटार जळते. नुसता प्लग बदलून भागत नाही, पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो. काही मॉडेलांत एक दातेरी चाक मुद्दाम नरम ठेवलेले असते. भार फार झाला की ते झिजते आणि मोटार वाचते. ते बदलता येते.

एकंदरीत खरेदीचा क्रम असा लागतो : आधी यंत्राबरोबरची तीन पाती नीट जुळवणे, मग रबरी कडेचे पाते आणि दुसरे भांडे, त्यानंतर घरच्या जेवणानुसार पास्त्याचे रूळ किंवा खिम्याचे यंत्र. किसणी, चाळणी, दळणाचे साधन आणि आइस्क्रीमचे भांडे यांचा विचार ते काम घरात आधीपासून हाताने आणि वारंवार होत असेल तरच करावा.